सर्वनामांची चोरी

रविवार, २ मार्च २०२५. बॉथेल, अमेरिका.

आजपासून नोंदी ठेवायच्या. वही इलाकडून मागून घेतली. मुखपृष्ठावर पंख फुटलेला घोडा आहे, त्याला इलाज नाही.

यवतमाळला अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली अकरा वर्षं परीक्षा विभाग माझ्याकडे होता. कॉपी चालली आहे हे मला वर्गात पाऊल टाकताच कळायचं. पोरं गरजेपेक्षा जास्त शहाण्यासारखी बसलेली असायची. या घरात सध्या सगळे तसेच बसतात.

घरात आम्ही पाच. मुलगा संग्राम सॉफ्टवेअरमध्ये, सून नेत्रा औषधांच्या लॅबमध्ये, नात इला पाचवीत. मग मी आणि ही. ही कोण ते लिहीत बसत नाही. सत्तेचाळीस वर्षं माझ्या डायऱ्यांत 'ही' एकच आहे.

पुरावा क्रमांक एक, माझं लाल पेन. पंधरा दिवसांत तीनदा गायब झालं. काल ते फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात सापडलं. मी सगळ्यांना समोर बसवून विचारलं. नेत्रा म्हणाली, "असू दे ना बाबा, होतं असं कधीकधी." होतं असं? पेन आपल्या पायांनी चालत फ्रीजमध्ये जातं? संग्रामने तिच्याकडे बघितलं, तिने हिच्याकडे, आणि हिने भाजी निवडायला घेतली. हे बघणं मी ओळखतो.

एक चांगली गोष्ट आहे. पुढच्या रविवारपासून माझा वर्ग. मराठी मंडळाच्या गिरीशने लायब्ररीतली खोली मिळवली आहे. इथल्या मुलांना इंग्रजी फाडफाड येतं, पण व्याकरणाच्या नावाने शून्य. इथे येऊन सहा वर्षं झाली. मी बाबा आहे, आजोबा आहे, काका आहे, पण सर कोणी म्हणत नाही. रविवारचे दोन तास मी पुन्हा सर होणार. तो वर्ग कोणी मोडू नये, एवढंच माझं मागणं आहे.

बुधवार, ५ मार्च

आज मला फसवून नेलं. 'इन्शुरन्सचा चेकअप' असं संग्राम म्हणाला. पण इन्शुरन्सच्या चेकअपला अख्खं घर सुट्टी टाकून येतं का? दारावरची पाटी वाचायला थांबलो तर संग्राम नेमका तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

आत एक तरुण बाई. तिने रक्तदाब घेतला नाही, छाती तपासली नाही. पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवा म्हणाली. मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी तिला स्वच्छ सांगितलं, "मॅडम, आय यूज्ड टु सेट द पेपर्स." ती गोड हसली. गोड हसणारे पर्यवेक्षक सगळ्यांत वाईट. थोड्या वेळाने तेच पाच शब्द विचारले. छत्री, घोडा, आणि बाकीचे किरकोळच होते.

नंतर मला बाहेर बसवलं आणि तिघांना आत बोलावलं. वीस मिनिटं. ही बाहेर आली ती पदराने नाक पुसत. सर्दी झाली म्हणाली. सकाळी नव्हती.

रविवार, ९ मार्च

वर्ग झाला. सात मुलं आली, त्यात इला. छान झाला.

विषय सर्वनामं. मुलांना अँटिसिडंट वगैरे शब्द सांगून घाबरवायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, सर्वनाम म्हणजे भाड्याने राहणारा माणूस. त्याचा मालक म्हणजे नाम, आणि तो मालक वाक्यात आधी कुठेतरी हजर पाहिजे. लाल पेनने सर्वनामाला गोल करायचा आणि मालकापर्यंत मागे बाण काढायचा. मालक सापडला नाही तर ते सर्वनाम बेवारस. मग फळ्यावर लिहिलं: 'नकुल मेट वीर व्हेन ही वॉज सिक.' आजारी कोण?

"वीर!" एक म्हणाला.

"नो, नकुल! ही केम फर्स्ट."

"सर, वी कान्ट नो," इला म्हणाली.

शाबास. मालक दोन आणि भाडेकरू एक, म्हणजे वाक्यच वाईट. 'बेवारस' हा शब्द पोरांना एवढा आवडला की बेवारस वाक्य आलं की बाकं बडवत ओरडायची. लायब्ररीवाल्या बाई दोनदा येऊन गेल्या.

इला मला सर म्हणाली. मी सांगितलं नव्हतं.

बाहेर पडताना बघतो तर गाडीपाशी गिरीश आणि नेत्रा बोलत होते. मी जवळ जाताच गप्प. "काय काका, मस्त झाला ना क्लास?" गिरीश जरा जास्तच जोरात म्हणाला.

गुरुवार, १३ मार्च

आज मोठा शोध लागला. या घरातली सर्वनामं चोरीला गेली आहेत.

थट्टा नाही. तीन दिवस कान देऊन ऐकतो आहे. सकाळी ही म्हणाली, "चहा घ्या. चहा टेबलावर ठेवलाय. चहा गरम आहे." दुपारी संग्रामचा ऑफिसमधून फोन. "बाबा, संग्राम बोलतोय." फोनवर त्याचा फोटो येतो, खाली नाव येतं, आणि हा मला सांगतोय संग्राम बोलतोय! संध्याकाळी नेत्रा म्हणाली, "इला आली. इला खूप दमली. इलाला खायला देते." मी म्हटलं, "अगं, 'तिला' म्हण की. मालक एकदा येऊन गेलाय." ती म्हणाली, "सॉरी बाबा." आणि काही कारण नसताना गॅरेजमध्ये गेली. पाच मिनिटांनी आली तेव्हा डोळे लाल होते.

एकाने चूक केली तर ती सवय. तिघांनी एकाच आठवड्यात एकच चूक केली तर ती कॉपी. अकरा वर्षं हेच तपासलं आहे. तीन उत्तरपत्रिकांत सारखी चूक दिसली की समजायचं, बाहेरून कोणीतरी सांगितलं. कोणी? आणि कशासाठी?

आणखी एक. रोज सकाळी ही बेसिनचा नळ पूर्ण सोडते आणि काहीतरी पुटपुटते. मी स्वयंपाकघरात शिरलो की नळ बंद आणि तोंडही बंद. फोनवर बोलते म्हणावं तर फोन माझ्यापाशी चार्जिंगला असतो.

गुरुवार, २० मार्च

घरभर चिठ्ठ्या लागल्या आहेत. ड्रॉवरवर 'चमचे'. कपाटावर 'कप'. एका दारावर 'बाथरूम', आमच्या दारावर 'आजी-आजोबांची खोली'. अक्षर इलाचं, ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने आनंद. मी विचारलं तर म्हणाली, "इट्स फॉर माय मराठी, आजोबा." या पोरीला बाथरूम कुठे आहे ते माहीत नाही होय?

खोटं बोलताना इला डाव्या पायाचा अंगठा घासते. आज कार्पेटचे धागे निघाले.

हिला म्हटलं, तुझ्या कपाळावर पण एक चिठ्ठी लावू दे. थट्टा केली होती. ही हसली नाही. म्हणाली, "लावाल का?" हिचं नाव मीच ठेवलेलं. लग्नात माहेरचं बदलून. चांगलं चार अक्षरी, सासरच्या सगळ्या बायकांनी नाकं मुरडली होती की मास्तरांना मोठी हौस. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो.

रविवार, २३ मार्च

आज वर्गात घात झाला, आणि तो कोणी केला तेही कळलं.

मी कागद वाटले तर तीन मुलं म्हणाली, "वी डिड दिस लास्ट वीक." अशक्य. मी स्वतः काल नवीन वाक्यं लिहून गिरीशकडे झेरॉक्सला दिली होती. गिरीशने जुनेच कागद काढून ठेवले असणार. विचारलं तर म्हणतो, "काका, तुम्ही दिले तेच कॉपी केले, यार." वडीलधाऱ्याला यार.

मग फळ्यापाशी गेलो आणि मुलांना म्हटलं, ते द्या, ते फळ्यावर लिहायचं, हे. हे म्हणजे आपलं ते. मुलं बघत बसली. इलाने पटकन उठून हातात दिलं आणि मोठ्याने म्हणाली, "मार्कर, आजोबा. हा मार्कर." सर नाही म्हणाली.

एवढं नाव सांगायची काय गरज होती? मला येत नव्हतं का? ही मुलगी पहिल्या बाकावर मुद्दाम बसते. मांडीवर छोटा कागद असतो. मी अडलो की ती शब्द पुरवते. कॉपी पुरवणारे मी आयुष्यभर पकडले, आता माझी नात मला कॉपी पुरवते आहे. आणि तिला हे कोणीतरी शिकवून पाठवलं आहे.

गुरुवार, २७ मार्च

तिने ते तिथे ठेवलं होतं ते आता तिथे नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो तिला विचारा. सगळे एकमेकांना सामील. ते मिळेपर्यंत मी जेवणार नाही म्हणालो होतो, पण वांग्याची भाजी होती म्हणून जेवलो.

रविवार, ३० मार्च

आज पाडवा, म्हणून वर्ग नाही. गिरीशकडे मंडळाचं जेवण होतं. श्रीखंड बाहेरून आणलं होतं, पुऱ्या घरच्या.

जेवणं झाल्यावर बायकांनी उखाण्यांची टूम काढली. तरुण मुलींनी मोबाइलवर बघून घेतले. मग सगळ्या हिच्या मागे लागल्या. "काकू, तुम्ही घ्या!" ही कधी घेत नाही. आमच्या लग्नातही ओठातल्या ओठात घेतला होता, पुरोहितालासुद्धा ऐकू गेला नाही. तिच्या आईचं सांगणं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी इंग्रजीचा मास्तर, मला ते पटायचं नाही, पण मी कधी आग्रहही केला नाही. अहो म्हटलं की मी वळतो, काम होतं.

आज मात्र ही उठली. मधोमध उभी राहिली. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि तशीच राहिली. ओठ हलत होते. मग डोळे भरले आणि ही खाली बसली. नेत्राने जाऊन पाठीवर हात ठेवला. बायका एकदम श्रीखंडाबद्दल बोलायला लागल्या.

तिथे हिला कोणीतरी काहीतरी बोललं आहे. मी गाडीत विचारलं, कोण बोललं? ही म्हणाली, "कोणी नाही हो. माझंच मला जमत नाही."

बुधवार, २ एप्रिल

इथली नगरपालिका रातोरात रस्ते बदलते. नदीकाठच्या वाटेने रोजच्यासारखा फिरायला गेलो, लाकडी पुलापर्यंत सगळं बरोबर होतं. पुलाच्या पुढे वळण दुसरीकडे नेलेलं. बराच चाललो. बदकं होती. एक कुत्रेवाले आजोबा भेटले. त्यांनी पत्ता विचारला. पत्ता मी का सांगावा अनोळखी माणसाला? मग त्यांनी माझ्या जॅकेटच्या आतून एक कार्ड काढलं. त्यावर आमच्या घराचा नंबर होता. माझ्या जॅकेटमध्ये माझ्या नकळत कोणीतरी कार्ड शिवलं आहे! कैद्याला बिल्ला लावतात तसं.

ही कोपऱ्यावर उभी होती, घरातल्या सपाता घालून, भिजून. माझ्यावर पाळत ठेवतात हे आता नक्की झालं. हिने घरापर्यंत माझी बाही धरून ठेवली.

रविवार, ६ एप्रिल

आता सगळं उघड झालं. वर्ग काढून घेणार आहेत.

शिकवणं संपल्यावर मी हात धुवायला गेलो. दरवाजाबाहेर गिरीश आणि नेत्रा. शब्दाला शब्द लिहून ठेवतो.

गिरीश म्हणाला, "वहिनी, मुलांना काहीच प्रॉब्लेम नाही. दे लव्ह हिम. पण पेरेंट्स विचारतायत. गेल्या वेळी अर्धा तास एकच वाक्य चाललं होतं."

नेत्रा म्हणाली, "मला माहितीये. इलाने सांगितलं."

"मग त्यांना सांगायचं कोणी?"

"आई म्हणाल्या त्या सांगतील. त्यांना थोडा वेळ द्या, प्लीज."

म्हणजे ही सामील आहे. इला सामील आहे, नेत्रा आहे, संग्राम आहे, ते ठीक. पण ही? परदेशात येऊन म्हातारपणी मला एकच गोष्ट माझी म्हणून मिळाली, सात मुलं आणि एक फळा, आणि ती हिरावून घ्यायचं काम हिने अंगावर घेतलं.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं, "मला काय सांगणार आहेस? आत्ता सांग." माझा आवाज चढला. संग्राम जिन्यावर येऊन उभा राहिला. ही बेसिनपाशी गेली आणि नळ सोडला.

मी जेवलो नाही. वाईट वाटतं आहे, आणि खूप एकटं वाटतं आहे.

बुधवार, ९ एप्रिल

आरोप करायचा तर पुरावा नीट मांडावा लागतो. म्हणून सकाळी लाल पेन घेऊन ही वही पहिल्या पानापासून तपासायला बसलो, उत्तरपत्रिका तपासतो तशी. ठरवलं की प्रत्येक सर्वनामाला गोल आणि मालकापर्यंत बाण. म्हणजे कोणी, कधी, काय केलं, ते एका नजरेत दिसेल.

सुरुवातीची पानं चांगली आहेत. बाण सरळ जातात.

मग २७ मार्च. 'तिने ते तिथे ठेवलं होतं ते आता तिथे नाही.' तिने म्हणजे कोणी? ते म्हणजे काय? तिथे म्हणजे कुठे? 'त्याला विचारलं तर तो म्हणतो तिला विचारा.' मागे गेलो, पुढे गेलो. एकाही सर्वनामाला मालक नाही. अक्षर माझं, शाई माझी. मी त्या दिवशी काय शोधत होतो ते मला आज सांगता येत नाही. समासात सवयीने लिहिलं, बेवारस. बेवारस. बेवारस. दहापैकी शून्य.

२३ मार्च. 'ते द्या, ते फळ्यावर लिहायचं, हे.' हे मी मुलांसमोर बोललो आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने लिहूनही काढलं. तेव्हा मला त्यात गिरीश दिसला, इला दिसली. वाक्य दिसलं नाही.

टेबलाच्या खणात त्या दिवशीचे झेरॉक्सचे कागद होते. त्यांच्यासोबत मूळ प्रत, माझ्या अक्षरातली. वर तारीख २२ मार्च. वाक्यं आदल्या आठवड्याचीच, शब्दाला शब्द. मीच दुसऱ्यांदा लिहून काढली होती.

पेन फ्रीजमध्ये कोणी ठेवलं ते आता विचारणार नाही.

हे सगळं एकवेळ सहन होईल. पण एक गोष्ट राहिली ती लिहितो. तपासताना 'ही' जिथे जिथे आली तिथे गोल केले. पानापानावर आहे. मालक एकाही पानावर नाही. म्हटलं, ही आपली जुनी सवय, बायकोचं नाव डायरीत लिहीत नाही, यात काय. पहिल्या 'ही'च्या वर नाव लिहून बाण पुरा करावा म्हणून पेन टेकवलं.

चार अक्षरी आहे. मीच ठेवलं आहे. पेन तिथेच टेकून राहिलं, कागदावर लाल डाग मोठा होत गेला. संग्राम, नेत्रा, इला, गिरीश, सगळे आठवले. शाळेतल्या शिपायाचं नाव आठवलं. ते एक आठवलं नाही.

कोणाला विचारू? घरात सगळे तिला आई म्हणतात, आजी म्हणतात. चिठ्ठी ड्रॉवरवर लावली, तिच्यावर कोणी लावली नाही. मला भीती वाटते आहे.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळपासून खुर्चीत बसून होतो, वही मिटून. मुलं कामाला, इला शाळेत. स्वयंपाकघरात नळ चालू होता. मग बंद झाला. ही कपबशी घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

"मनोहर," ती म्हणाली. "चहा घ्या."

मला आधी वाटलं मागे कोणी आलं आहे. वळून बघितलं. कोणी नव्हतं.

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. नावाच्या मागे राव नाही, पण क्रियापद आदरार्थीच ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"मनोहर. तुमचं नाव." ती माझ्या पायाशी सतरंजीवरच बसली. "त्या बाईने त्या दिवशी सांगितलं होतं की घरात सगळ्यांनी सारखी नावं घ्यायची. तो, ती, ते म्हटलं की यांचा गोंधळ होतो. संग्रामला जमलं. नेत्राला जमलं. एवढीशी इला, तिलाही जमलं. माझ्याच्यानेच होईना. तोंडाशी आलं की आई डोळ्यांसमोर यायची. महिना झाला, बेसिनपाशी नळ सोडून म्हणून बघतेय."

"तिथे माझं नाव घेत होतीस?"

"मग काय! तुम्हाला वाटलं गाणी म्हणतेय?"

मी विचारलं, मला काय झालं आहे. तिने सांगितलं. न अडखळता सांगितलं, हात माझ्या गुडघ्यावर ठेवून. ती बाई कोण, कार्ड कोणी शिवलं, चिठ्ठ्या कशासाठी, सगळं. आजाराचं नावही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तेवढं एक बेवारस राहू दे.

मग कालपासून जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. खाली बघूनच विचारलं. "आणि तुझं?"

"माझं काय?"

"नाव."

मला वाटलं, आता ही मोडणार. ती उठली, आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा हातात स्टीलचं ताट आणि त्यात पसरलेले तांदूळ.

"लग्नात तुम्हीच लिहिलं होतंत," ती म्हणाली. "असंच ताट होतं. अंगठी हातात धरून लिहिलं होतंत आणि माझ्या मावसभावाने शुद्धलेखन तपासलं होतं. लिहा."

"मला आठवत नाही गं."

"तुम्हाला कोण विचारतंय? बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. तांदूळ गार होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोट आपणहून सरकलं आणि 'नी' उमटला. पुढची तीन अक्षरं त्याच्यामागून आली, वरच्या अनुस्वारासकट. मी वाचलं तेव्हा मला कळलं.

नीलांबरी.

मी रडलो. नीलांबरी रडली नाही. म्हणाली, "शुद्धलेखन बरोबर आहे." आणि ते तांदूळ कुकरला लावले.

रविवार, १३ एप्रिल

नीलांबरीला घेऊन वर्गाला गेलो. गिरीशला दारातच म्हटलं, माझा तुझ्यावर वहीभर संशय होता, माफ कर. तो नुसता "काका, काका" करत राहिला.

सातपैकी पाच मुलं आली. दोघांच्या आयांनी पाठवलं नाही, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. मुलांना मी स्वतः सांगितलं. सरांच्या डोक्यातून नामं निघून चालली आहेत. आधी लहान गेली, मग मोठी जातील. सर्वनामं तेवढी मागे राहतात. म्हणून आजपासून फळ्यावर इला लिहील, वाक्यं नीलांबरी आजी वाचेल, आणि मी बोलताना मालक विसरलो तर तुम्ही काय करायचं?

मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "बेवारस?"

"मोठ्याने."

"बेवारस!" पाचही जणांनी बाकं बडवली. दोन तासांत मला नऊ वेळा पकडलं. एकदा नीलांबरीनेही बाक बडवलं. निघताना इला म्हणाली, "बाय, सर," आणि मग माझ्याच गाडीत येऊन बसली.

घरी आल्यावर लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून प्रत्येक 'ही'वर नाव लिहायला घेतलं. अकरा झाली. मध्ये एकदा ते निसटलं, तेव्हा घोड्याच्या मुखपृष्ठाच्या आत बघितलं. तिथे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे, नीलांबरी. आणि त्याच्याखाली, मी मागितलं नव्हतं तरी, मनोहर.